तळ्यातल्या माशांना उवा झाल्यात?

अंगणातल्या तळ्यात कोई किंवा गोल्डफिश दगडाला अंग घासतायत, मध्येच उसळी मारतायत? मग एक मासा पांढऱ्या बादलीत घेऊन नीट न्याहाळा. परांच्या बुडाशी चपटी, हिरवट, मसुराएवढी टिकली सरकताना दिसली तर तो आर्ग्युलस, म्हणजे माशांची ऊ. (खेकड्या-कोळंबीची लांबची नातेवाईक बरं का!) चिमट्याने अलगद निघते, पण खरी गोम अंड्यांत आहे. उवेची मादी माशाचं अंग सोडून दगडावर, लाकडावर अंडी चिकटवते. म्हणून पाण्यात दोन-चार लाकडी फळ्या उभ्या सोडायच्या आणि दर आठवड्याला काढून कडक उन्हात खडखडीत वाळवायच्या. अंडी तिथेच मरतात. नवा मासा आणलात तर ३-४ आठवडे वेगळा ठेवा. शेतातलं कीटकनाशक मात्र अंदाजाने ओतू नका. उवांआधी मासेच जातील.