प्रेक्षकाचा स्वभाव आणि ऐतिहासिक वास्तूकडून त्याची अपेक्षा

कर्ली नदी आणि अरबी समुद्र यांमधील वाळूच्या चिंचोळ्या पट्टीवर देवबाग वसले आहे. तेथे उतरलेला प्रवासी बहुधा एखाद्या दिवशी मालवणास जाऊन होडीने सिंधुदुर्ग गाठतो. पुढे गोव्याकडे वळल्यास जुन्या गोव्यातील से कॅथीड्रलही पाहून येतो. दोन्ही ठिकाणी इतिहास आणि उपासना एकाच भिंतीआड नांदतात. अशा स्थळी प्रवासी नेमके काय शोधीत असतो, या प्रश्नाकडे व्यक्तिमत्त्वाच्या मानसशास्त्राने अलीकडच्या काळात लक्ष वळविले आहे.

कार्ल युंग यांच्या १९२१ मधील मांडणीनुसार मन दोन मार्गांनी ग्रहण करते: संवेदन व अंतःप्रज्ञा, आणि दोन मार्गांनी निर्णय करते: विचार व भावना. संवेदनप्रधान मनुष्य सिंधुदुर्गावर गेला की तटाची उंची किती, पायात ओतलेल्या शिशाची हकीकत काय, समुद्राने वेढलेल्या दूधबाव, दहीबाव व साखरबाव या विहिरींना गोडे पाणी कसे, हे विचारतो. अंतःप्रज्ञाप्रधान मनुष्याला या तपशिलांचा लवकरच कंटाळा येतो. १६६४ मध्ये बांधकामास आरंभ झालेला हा दुर्ग आरमाराच्या कोणत्या कल्पनेतून उभा राहिला, येथे त्याचे मन रमते. विचारप्रधानास धोरण व खर्च यांची कारणपरंपरा हवी असते, तर भावनाप्रधानास दुर्गात आजही राहणाऱ्या कुटुंबांचे जीवन जाणून घ्यावेसे वाटते.

लेस्ली फ्रान्सिस व त्यांच्या सहकाऱ्यांनी वेल्समधील सेंट डेव्हिड्स कॅथीड्रलच्या अभ्यागतांची पाहणी करून तिचे निष्कर्ष २००८ मध्ये प्रसिद्ध केले. त्यांत संवेदनप्रधानांची संख्या अंतःप्रज्ञाप्रधानांहून पुष्कळ अधिक आढळली. से कॅथीड्रलच्या बाबतीत ही गोष्ट विचारात घेण्याजोगी आहे. १५६२ मध्ये आरंभ, १६१९ मध्ये मुख्य बांधकामाची समाप्ती, १७७६ मध्ये एका मनोऱ्याचे पतन, शिल्लक मनोऱ्यातील ‘सोन्याची घंटा’: एवढ्या माहितीने एका प्रकारच्या प्रेक्षकाचे समाधान होते. दुसरा मात्र त्या एकाकी मनोऱ्याकडे पाहून एका साम्राज्याच्या ओहोटीचा विचार करू लागतो. माहितीफलक त्याच्याशी बोलतच नाही.

या प्रकारविचारावर आक्षेप आहेत, आणि ते रास्त आहेत. मनुष्यस्वभाव दोन खणांत विभागलेला नसतो. बहुतेक माणसे मध्याच्या आसपास असतात आणि रेघ मात्र नेमकी तेथेच ओढली जाते. शिवाय एकच मनुष्य होडीत एक असतो आणि गाभाऱ्यात दुसरा.

मराठी प्रेक्षकाच्या संदर्भात याहून कठीण अडचण भाषेची आहे. इंग्रजी प्रश्नावली ‘भेट देणे’ या एकाच क्रियेभोवती रचलेली असते. मराठी मनुष्य ‘किल्ला पाहतो’, परंतु त्याच किल्ल्यातील शिवराजेश्वर मंदिरात ‘दर्शन घेतो’. पाहण्यात वस्तू ग्रहणाचा विषय असते. दर्शनात पाहणाऱ्यावरही दृष्टी पडते, असा श्रद्धाळूचा भाव असतो. महाराजांच्या हातापायांचे म्हणून दाखविले जाणारे चुन्यातील ठसे पाहणारा त्यांची लांबीरुंदी न्याहाळीत असेल आणि त्याच क्षणी हातही जोडीत असेल. त्याला संवेदनप्रधान म्हणावे की भावनाप्रधान? ‘येथे प्रसन्न वाटले’ या विधानास होकार देणारा वास्तूच्या पावित्र्याविषयी बोलतो की केवळ खाऱ्या वाऱ्याविषयी, हेही प्रश्नावलीतून उमगत नाही.

म्हणून सिंधुदुर्गावर वा जुन्या गोव्यात अशी पाहणी करावयाची झाल्यास आयत्या विधानांचे भाषांतर पुरेसे होणार नाही. परतीच्या होडीत बसलेल्या प्रवाशास ‘सर्वांत अधिक वेळ कोठे थांबलात?’ असे विचारावे, आणि उत्तर देताना तो कोणते क्रियापद वापरतो ते जसेच्या तसे टिपून घ्यावे.