थकल्या घोड्याला स्थळ पाहतांना



घोडा विकत कसा घ्यावा हें सांगणारीं माणसें आपल्या खानदेशांत कमी नाहींत. तापीच्या कांठीं सारंगखेड्यास दत्तजयंतीची यात्रा भरते. (हें गांव पूर्वीं धुळें जिल्ह्यांत होतें, १९९८ सालीं नंदुरबार जिल्हा निराळा झाल्यापासून तें तिकडे मोडतें.) तेथील घोडेबाजारांत घटकाभर उभें राहिलें तरी दांत पाहून वय कसें ओळखावें, कोणता भोंवरा शुभ व कोणता अशुभ, चाल कशी पारखावी, याचें शिक्षण फुकट मिळतें. परंतु पंधरा-वीस वर्षें राबलेला घोडा कामांतून निघाल्यावर तो कोणाच्या हातीं व कसा द्यावा, हें सांगणारा त्या सबंध बाजारांत क्वचितच भेटेल. आजच्या भाषणाचा विषय तोच आहे.

हा प्रश्न आतां कोणाला पडतो, अशी शंका कोणी घेईल. जळगांव-धुळ्याच्या स्टेशनाबाहेरील टांग्यांची पूर्वीची रांग आज राहिली नाहीं, हें खरें. पण घोडा शहरांतून गेलेला नाहीं. लग्नसराईंत नवरदेवाला मिरविणारी घोडी आहे, मुलांना रपेट शिकविणारा घोडा आहे, हौसेनें पाळलेला घोडा आहे. नीट सांभाळलेला घोडा २५ ते ३० वर्षें जगतो. पण विसाव्या वर्षाच्या सुमारास त्याचे सांधे व दांत कुरकुरूं लागतात. म्हणजे काम संपल्यावरही पांच-दहा वर्षांचें आयुष्य उरतें. नोकरींतून निवृत्त झालेल्या माणसाला पेन्शन मिळतें. घोड्याला मात्र गिऱ्हाईक मिळतें.

बहुतेक मालक निर्दय नसतात. दारांत नुसतें उभें असलेलें जनावर रोज सहा-सात किलो वैरण खातें, शिवाय चंदी, नालबंद व औषध यांचा खर्च चालूच राहतो. तेव्हां चार पैसे येत असतील तर विकून टाकावें, असें मनांत येणें स्वाभाविक आहे. पहिला घेणारा बहुधा बराच असतो. पण घोडा एकदां विकला कीं त्याच्यावरील आपला शब्द संपला. पहिला दुसऱ्याला विकतो, दुसरा तिसऱ्याला. दर हातागणिक किंमत उतरते, आणि किंमत उतरते तसतसें काम जड होत जातें. लग्नाची घोडी मालाच्या गाडीला लागते, तेथून वीटभट्टीवर जाते. जनावर जितकें स्वस्त मिळालें, तितकी तें टिकविण्याची काळजी कमी. मेल्यास दुसरें घेतां येतें, असा तो हिशेब असतो. घोड्याचे हाल कोणा एका दुष्टाच्या हातून होत नाहींत. ते या उतरंडीनें होतात.

या उतरंडीचें फार मोठें उदाहरण इजिप्तमध्यें घडलें. पहिलें महायुद्ध १९१८ सालीं संपल्यावर ब्रिटिश फौजेनें आपले हजारों घोडे परत न नेतां तेथेंच विकून टाकले. १९३० सालीं डॉरथी ब्रुक नांवाची एका लष्करी अधिकाऱ्याची पत्नी कैरोस आली. रस्त्यांतून गाड्या ओढणाऱ्या हाडकुळ्या जनावरांत तिला ते जुने फौजी घोडे आढळले. बारा वर्षांत ते हात बदलत बदलत शेवटच्या पायरीला पोंचले होते. १९३१ सालीं तिनें लंडनच्या 'मॉर्निंग पोस्ट' या वृत्तपत्रांत पत्र लिहून मदत मागितली, आणि जमलेल्या पैशांतून पुढील तीन वर्षांत सुमारें ५,००० घोडे विकत घेतले. त्यांतील बहुतेक इतके खंगलेले होते कीं, कांहीं दिवस पोटभर चारा व विसांवा देऊन नंतर वेदनारहित मरण देणें, एवढेंच तिला करतां आलें. १९३४ सालीं तिनें कैरोंत जनावरांचें मोफत इस्पितळ उघडलें, कारण गाडीवाले क्रूर नसून दरिद्री आहेत हें तिनें ओळखलें होतें. त्यांतूनच वाढलेली 'ब्रुक' ही संस्था आज आपल्या देशांतही कष्टकरी घोड्या-गाढवांसाठीं काम करते.

इतक्या दूर जावयासही नको. २०१५ च्या जून महिन्यांत मुंबईच्या उच्च न्यायालयानें हौसेच्या फेऱ्या मारणाऱ्या व्हिक्टोरिया गाड्या बेकायदेशीर ठरवून त्या वर्षभरांत बंद करण्याचा निकाल दिला, आणि त्यांवर पोट भरणाऱ्या कुटुंबांच्या पुनर्वसनाची योजना करण्यास सरकारला सांगितलें. माणसाला दुसरा धंदा लावून देतां येतो. घोड्याचें पुनर्वसन म्हणजे मात्र दुसरा मालक. आणि तो कसा निघेल हें कोणत्याही निकालपत्रांत लिहून ठेवतां येत नाहीं. तें पाहण्याचें काम ज्यानें त्या घोड्याची मेहनत खाल्ली त्याचेंच आहे.

म्हणून माझें सांगणें असें कीं, थकलेला घोडा विकूं नये. त्याला स्थळ पाहावें. घरांतील मुलीचें लग्न ठरवितांना आपण घर पाहतों, माणसें पाहतों, शेजाऱ्यांस विचारतों. तोच रिवाज येथें पाळावा.

प्रथम आपली बाजू स्वच्छ करावी. पशुवैद्यकाकडून घोड्याचे दांत, डोळे, खूर व सांधे तपासून घ्यावे आणि निष्कर्ष लेखी घ्यावा. ग्लँडर्स या रोगासाठीं रक्ततपासणी करून घेणें अत्यंत अगत्याचें आहे. हा रोग घोड्यापासून माणसालाही होतो, आणि त्याचें निश्चित निदान झालेला घोडा नियमाप्रमाणें मारावा लागतो. या रोगांचा अभ्यास करणारी राष्ट्रीय अश्व संशोधन संस्था हरियाणांत हिसार येथें आहे. नमुना कसा पाठवावा हें सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यांत सांगतात. त्याबरोबरच घोड्याच्या खोडी मोकळेपणानें सांगाव्या. चावतो कीं लाथ मारतो, फटाक्याला बुजतो कीं एकटा ठेवला तर दोर तोडतो, सारें सांगावें. खोड लपवून दिलेला घोडा महिनाभरांत परत येतो. किंवा, त्याहून वाईट म्हणजे, परत न येतां परस्पर पुढें जातो.

नंतर स्थळ पाहावें. स्वतः जावें, आणि एकदां तरी न कळवितां जावें. आपल्याकडे उन्हाळ्यांत पारा ४५ अंशांपलीकडे जातो. तेव्हां पहिली गोष्ट सांवली. पत्र्याच्या नुसत्या छपराखालीं वैशाखांत घोडा भाजून निघतो. झाड किंवा जाड छप्पर हवें. दुसरी गोष्ट पाणी. घोड्याला दिवसाला ३० ते ४० लिटर पाणी लागतें, उन्हाळ्यांत त्याहून अधिक. रावेर-यावलकडील केळीच्या मळ्यांत पाणी बारमाही असतें, ही मोठी सोय आहे. तिसरी गोष्ट वैरण. वाळलेला कडबा चालतो, पण कोंवळी किंवा खोडव्याची हिरवी ज्वारी विषारी ठरूं शकते. कपाशीवर औषध फवारल्यावर बांधावरचें गवतही घोड्याच्या तोंडीं पडूं देऊं नये. म्हाताऱ्या घोड्याचे दांत झिजलेले असतात. त्याला अखंड हरभरा चावत नाहीं, भरडा भिजवून द्यावा लागतो. हें सारें मळेवाल्याला ठाऊक आहे काय, हें गप्पांच्या ओघांत काढून घ्यावें. शिवाय घोडा हा कळपांतला प्राणी आहे. दुसरा घोडा नसेल तर निदान गाय, शेळी, गाढव असें कांहीं तरी सोबतीस असावें. एकटा बांधलेला घोडा झुरतो.

मालकाची परीक्षा करावयास एकच प्रश्न पुरेसा आहे. "तुमचें आधींचें जनावर आतां कोठें आहे?" असें विचारावें. तें कधीं आजारी पडलें, कोणत्या डॉक्टरनें पाहिलें, कोणत्या झाडाखालीं पुरलें, हें ज्याला सांगतां येतें त्याच्या हातीं घोडा खुशाल द्यावा. "गेलें कोठें तरी" असें जो म्हणतो, त्याच्याकडे आपलाही घोडा तसाच जावयाचा. नालबंदालाही विचारावें. घोड्याचा खूर दर सहा ते आठ आठवड्यांनीं छाटावा लागतो. तेव्हां कोणाच्या तबेल्यांत खूर वाढलेले असतात हें त्याच्याइतकें कोणास माहीत नसतें. आजच घोडा न्यावयाचा आहे, जागा मागाहून दाखवितों, असें म्हणणाऱ्या माणसाला नम्रपणें निरोप द्यावा.

स्थळ पसंत पडल्यावर कागद करावा. दोन वर्षांपूर्वीं आमच्या आळींतील एका गृहस्थांनीं आपली लग्नाची घोडी एका नातलगाच्या मळ्यावर ठेवावयाचें ठरविलें. शाळामास्तराकडून कागद लिहून घेण्याची जुनी रीत अद्याप अगदींच गेलेली नाहीं, त्यामुळें ते मजकडे आले, पण बसतांक्षणींच म्हणाले, "मास्तर, घरचाच माणूस आहे, खरें म्हणजे कागदाची गरज नाहीं." मीं म्हटलें, "घरचा आहे म्हणूनच लिहूं या. परक्याशीं भांडतां तरी येतें." मग आम्हीं लिहिलें तें असें. घोडीची मालकी देणाराचीच राहील. ती सांभाळण्यासाठीं दिली आहे. तिला ओझ्यास, गाडीस अगर वरातीस लावूं नये. ती विकूं नये, बक्षीस देऊं नये, दुसरीकडे हलवूं नये. सांभाळणें अशक्य झाल्यास प्रथम मालकाला कळवावें व त्याच्याच स्वाधीन करावी. मालकानें केव्हांही येऊन पाहावें. औषधाचा खर्च मालकानें व चाऱ्याचा खर्च मळेवाल्यानें सोसावा. शेवटीं घोडीचा रंग, भोंवरे, वय, उंची व चारी बाजूंचीं छायाचित्रें जोडलीं, म्हणजे घोडी बदलल्याचा वादच नको. वर्षानें त्या नातलगाला कामासाठीं सुरतेस जावें लागलें. मळा दुसऱ्याला खंडानें देतांना त्यानें कागद काढून वाचला आणि घोडी मालकाकडे आणून पोंचविली. तिला दुसरें स्थळ मिळालें. कागद नसता तर खंडकऱ्यानें ती मळ्यावरील अवजारांबरोबरच धरली असती.

यांतील "मालकी देणाराचीच" ही अट मुख्य आहे. घोडा विकून "पुढें विकूं नये" अशी अट घातली, तर ती पाळवून घेणें फार कठीण जातें. वस्तु कांहीं हेतूनें दुसऱ्याच्या स्वाधीन करावयाची व हेतु पुरा होतांच परत घ्यावयाची, अशा व्यवहाराला १८७२ सालच्या करार कायद्यांत जागा आहे; त्यांत मालकी हलत नाहीं. चांगल्या वकिलाकडून मसुदा एकदां नजरेखालून घालावा.

न्यावयाचा दिवसही विचारानें ठरवावा. जनावरांच्या वाहतुकीचे १९७८ सालचे नियम आहेत. प्रवासास योग्य असल्याचा पशुवैद्यकाचा दाखला हवा, आणि घोड्याला नीट चारा-पाणी दिल्यावरच गाडींत चढवावें. मार्गशीर्ष ते माघ हा आपल्याकडे बरा काळ, पहांटे निघावें. पहिले आठ दिवस जुनीच वैरण बरोबर द्यावी आणि नवी थोडथोडी मिसळावी. घोड्याला ओकारी होत नाहीं. खाण्यांतला अचानक बदल किंवा बुरशी आलेला कडबा त्याच्या पोटांत प्राणघातक कळ उठवितो. पोंचविल्यावर पहिल्या महिन्यांत दोनदां, मग दर तीन महिन्यांनीं जाऊन यावें. बरगड्यांवरून तळवा फिरवावा. त्या हाताला लागाव्या, पण लांबून मोजतां येऊं नयेत.

पांजरपोळाचें नांव पुष्कळांना सुचेल. ही परंपरा मोठी आहे. मुंबईचें पांजरपोळ १८३४ सालापासून चालत आलेलें आहे. पण बहुतेक गोशाळांची सारी व्यवस्था गाईबैलांच्या सोयीची असते. गाईला पचणारी निकृष्ट वैरण घोड्याला सोसत नाहीं. तेव्हां तेथें घोड्याची स्वतंत्र सोय आहे काय, खूर कोण छाटतो, हें पाहूनच ठेवावा, आणि दरमहा चाऱ्याचे पैसे पाठवावे. नुसता सोडून देणें हा तर १९६० सालच्या प्राणिक्रूरता प्रतिबंधक कायद्यानें अपराध आहे. मात्र त्या कायद्यांत पहिल्या अपराधास दंड ठरविला तो दहा ते पन्नास रुपये. एवढ्या दंडाच्या भीतीवर घोडा सुरक्षित राहील, असें समजूं नये.

एक कटु गोष्ट सांगणें प्राप्त आहे. घोडा असाध्य दुखण्यानें पिडलेला असेल, उठवत-बसवत नसेल, आणि विश्वासाचें स्थळ मिळत नसेल, तर पशुवैद्यकाच्या हातून, आपल्या दारांत, ओळखीच्या माणसाचा हात मानेवर असतांना त्याला शांत मरण देणें हें अनोळखी बाजारांत धाडण्यापेक्षां अधिक दयेचें आहे. डॉरथी ब्रुकला हाच निर्णय हजारों वेळां घ्यावा लागला. पण त्या घोड्यांच्या मालकांनीं बारा वर्षें आधीं थोडा विचार केला असता, तर तो तिच्यावर आला नसता.

म्हणून शेवटची सूचना वेळेची आहे. घोडी अडखळूं लागली, चंदी तोंडांतून सांडूं लागली, कीं त्याच वर्षीं स्थळ शोधावयास लागावें. घाईनें शोधणाराला गिऱ्हाईक मिळतें. वर्षभर आधीं शोधणाराला माणूस मिळतो. आणि आपण लग्नकार्यासाठीं घोडी ठरवावयास जाल तेव्हां भाडें विचारून झाल्यावर, "हिच्या आधींची घोडी कोठें आहे?" एवढें मालकाला अवश्य विचारा. चार गिऱ्हाइकांनीं हाच प्रश्न विचारला, तर पांचव्यासाठीं तो मालक उत्तर तयार ठेवील.