गिनी फाउलच्या पिलांमधील पायांच्या दुखापती : निदान, शुश्रूषा व प्रतिबंध

प्रस्तावना :
परसातील कुक्कुटपालन म्हटले की सर्वसाधारणपणे देशी कोंबडीच डोळ्यांसमोर येते. तथापि, मूळचा आफ्रिकेतील असलेला गिनी फाउल हाही अल्प खर्चात पाळता येणारा पक्षी आहे. उत्तर प्रदेशातील इज्जतनगर येथील केंद्रीय पक्षी संशोधन संस्थेने त्याचे कादंबरी, चितंबरी व श्वेतांबरी हे वाण विकसित केले आहेत. प्रौढ गिनी फाउल काटक असतो. परंतु २६ ते २८ दिवसांच्या उबवणीनंतर बाहेर पडलेले पिलू पहिले काही आठवडे अतिशय नाजूक असते. त्याचा पाय दुखावला की पालक बहुधा त्याची आशा सोडतो. वास्तविक असे पिलू पायाच्या इजेपेक्षा भूक, तहान, थंडी आणि इतर पिलांच्या टोचण्यामुळेच अधिक वेळा दगावते. मोजकीच पिले हेच ज्याचे भांडवल, त्या लहान पालकासाठी हा भेद महत्त्वाचा आहे. म्हणूनच उपचारापूर्वी योग्य निदान आणि निदान होईपर्यंत योग्य शुश्रूषा या दोन बाबींचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

निदान :
लंगडणारे प्रत्येक पिलू जखमी असतेच असे नाही. अचानक, एकाच पिलाला व एकाच पायाला त्रास झाला, सूज आली किंवा पाय अस्वाभाविक कोनात वळला, तर इजा संभवते. पक्ष्यांमध्ये मुका मार दोन-तीन दिवसांत हिरवट दिसू लागतो. त्यास सडणे समजून घाबरू नये. याउलट अनेक पिलांचे पाय हळूहळू वाकडे होऊ लागले, तर आहाराची तपासणी करावी. त्यातील प्रमुख प्रकार पुढीलप्रमाणे :

१) पाय फाकणे : दोन्ही पाय बाजूला पसरतात. वर्तमानपत्र किंवा गुळगुळीत पत्र्यावर पिलांना ठेवणे हे याचे नेहमीचे कारण आहे.
२) बोटे आत वळणे : 'ब' गटातील रायबोफ्लेविन या जीवनसत्त्वाच्या अभावी हे घडू शकते.
३) स्नायुबंध सरकणे : मँगनीज, कोलीन इत्यादींच्या कमतरतेमुळे पायाच्या मधल्या सांध्यावरील स्नायुबंध जागा सोडतो व पाय पिळवटतो.
४) मुडदूस : जीवनसत्त्व 'ड', कॅल्शियम व फॉस्फरस यांच्या अभावी हाडे मऊ राहतात.

शुश्रूषा :
पिलास वेगळे करावे. परंतु एकाकी ठेवू नये. गिनी फाउल हा कळपात राहणारा पक्षी असल्याने एकटे पडलेले पिलू सतत ओरडते व खाणे टाळते. त्यामुळे जाळीच्या पडद्याआड, कळप दिसेल अशा जागी त्याची व्यवस्था करावी. पहिल्या आठवड्यात सुमारे ३५ अंश सेल्सिअस उष्णता द्यावी व पुढे दर आठवड्यास ती सुमारे ३ अंशांनी कमी करावी. अन्न व पाणी चोचीच्या टप्प्यात ठेवावे. पाण्याचे भांडे उथळ असावे व त्यात खडे टाकावेत. अन्यथा उठू न शकणारे पिलू त्यातच बुडते.

पाय फाकलेल्या पिलाचे दोन्ही पाय, उभे राहताना असते तेवढे नैसर्गिक अंतर ठेवून, मऊ पट्टीने सैलसर जोडावेत. हा उपाय पहिल्या काही दिवसांतच परिणामकारक ठरतो. पट्टी रोज तपासावी व साधारणतः तीन ते पाच दिवसांनी काढावी. वळलेली बोटे पुठ्ठ्याच्या लहान तुकड्यावर सरळ करून चिकटपट्टीने बसविता येतात.

मधल्या सांध्याखालील हाड मोडले असल्यास हलकी खपची बांधता येते. साधारणपणे दोन ते तीन आठवड्यांत हाड जुळते. मात्र वाढत्या पिलास पट्टी आवळू लागत असल्याने ती दर दोन-तीन दिवसांनी सैल करावी. बोटे थंड किंवा निळसर झाल्यास ती त्वरित सोडावी. उघडी जखम, गरम सुजलेला सांधा अथवा मांडीचे मोडलेले हाड यांसाठी पशुवैद्यकाकडेच जावे. माणसांची वेदनाशामके अंदाजाने देऊ नयेत.

आहारजन्य विकारात केवळ पाय बांधून उपयोग होत नाही. या पिलांना प्रारंभी सुमारे २४ ते २६ टक्के प्रथिने असलेले, जीवनसत्त्वे व खनिजे संतुलित असलेले खाद्य लागते. पूर्णपणे सरकलेला स्नायुबंध खाद्य बदलून जागेवर येत नाही; परंतु उरलेला कळप त्यामुळे वाचतो. पिलास सतत वेदना असून सुधारणेची शक्यता नसल्यास पशुवैद्यकाच्या सल्ल्याने त्याची वेदनारहित मुक्तता करणे हाही शुश्रूषेचाच भाग होय.

प्रतिबंध :
पिलांखाली खरखरीत पुठ्ठा किंवा कापड अंथरावे. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे गिनी फाउलला पायाने कधीही पकडू नये. हा पक्षी जोराने झटके देतो व त्यात सांधा निखळतो किंवा हाड मोडते. दोन्ही हातांनी पंखांसह अंग धरावे. आठवडी बाजारात पक्षी पाय बांधून उलटे टांगून नेण्याची पद्धत सर्रास आढळते. अनावश्यक वेदना होतील अशा रीतीने प्राण्यांची वाहतूक करणे हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक अधिनियमानुसार अपराध आहे, हे पालकांपर्यंत पोहोचणे आवश्यक आहे.

समारोप :
वरील विवेचनावरून असे दिसून येते की, लंगड्या पिलाचे भवितव्य औषधापेक्षा पहिल्या दोन-तीन दिवसांतील निरीक्षणावर अधिक अवलंबून असते. एक पिलू लंगडते की अनेक, अचानक की हळूहळू, एक पाय की दोन्ही, हे तीन प्रश्न कोणताही पालक स्वतःला विचारू शकतो. ग्रामीण महाविद्यालयांतील प्राणिशास्त्र विभाग व राष्ट्रीय सेवा योजना यांनी एवढे ज्ञान जरी परसापर्यंत नेले, तरी अनेक पिले वाचतील आणि त्यांच्यावर विसंबलेल्या कुटुंबांची हानी टळेल.