छपाईच्या प्रणालीची मार्गदर्शिका

जालना हें बियाण्यांच्या व्यापाराचें गांव. पिशवीवरील मजकूर असो वा लग्नपत्रिका, जुळणी आतां संगणकावरच होते. त्यासाठीं ‘स्क्रायबस’ ही मोफत प्रणाली आहे; पण नव्या जुळाऱ्यासाठीं तिची मार्गदर्शिका कोणत्या क्रमानें लिहावी?

बहुतेक मार्गदर्शिका पडद्यावरील आज्ञांच्या क्रमानें चालतात. तो क्रम प्रणाली रचणाऱ्याच्या सोयीचा. शिकणाऱ्याच्या मनांत काम असतें. म्हणून पहिलें प्रकरण लग्नपत्रिकेचें असावें : कागदाचें माप, समास, मजकुराची चौकट, टंक व अखेर पीडीएफ. आज्ञांचा कोश शेवटीं द्यावा.

मराठीस एक प्रकरण अधिक लागतें. जोडाक्षरें नीट जुळण्याची सोय १.५.३ या आवृत्तींत, २०१७ सालीं आली; त्यानंतरची १.६ ही स्थिर आवृत्ति २०२४ ची. म्हणून प्रत्येक प्रकरणाच्या माथ्यावर आवृत्तीचा अंक हवाच. शिवाय युनिकोडपूर्व टंकांतील जुना मजकूर जसाच्या तसा आणल्यास भलतींच चिन्हें उमटतात, आणि बिचारा नवशिका स्वतःस दोष देतो. असा मजकूर आधीं युनिकोडमध्यें रूपांतरित करून मूळ प्रतीशीं ताडावा, ही सूचना पहिल्याच पानावर पाहिजे. पिशवीवरील पेरणीचें अंतर चुकलें, तर नुकसान शेतकऱ्याचें होतें. छापण्यापूर्वीं मार्गदर्शिका एखाद्या नवख्याच्या हातीं द्यावी व तो अडेल तेथें गळलेली पायरी भरावी.