जिथे काळा दगडही ओघळेल

नळदुर्गला बोरी नदीवरच्या बंधाऱ्याचा काळा दगड चारशे वर्षं पुराला पुरून उरला आहे. हाच बेसाल्ट भट्टीत घातला, तर साधारण ११०० अंश सेल्सिअसला मऊ पडू लागतो आणि १२५० च्या आसपास पातळ होतो. प्रयोगशाळेतल्या चंचुपात्राची बोरोसिलिकेट काच मात्र १२५० अंशांना कुठे फुंकण्याजोगी होते. तिच्या भट्टीला आतून नळदुर्गचा चिरा बसवला, तर काचेबरोबर चिराही ओघळायला लागेल.

बांगडी, बाटली, खिडकी ही सगळी सोडा-चुन्याची काच. ती सव्वासातशे अंशांना नरमते आणि हजारच्या आसपास हवी तशी वळते. वाळू लवकर वितळावी म्हणून तिच्यात सोडा भरपूर असतो. बोरोसिलिकेटमध्ये सिलिका ८० टक्के, बोरॉन ऑक्साइड सुमारे १३ आणि सोडा जेमतेम ४ टक्के. तिला नरमायलाच ८२० अंश लागतात. बदल्यात ही काच तापल्यावर साध्या काचेच्या जेमतेम एक तृतीयांश फुगते. कंदिलाच्या तापल्या काचेवर पावसाचा थेंब पडला की तड जायची, ते दुखणं इथे उरत नाही. महाराष्ट्रात काच तळेगावच्या पैसा फंड काचकारखान्याने १९०८ पासून आणि कऱ्हाडजवळच्या ओगल्यांच्या कारखान्याने १९१६ पासून रुजवली; बोरोसिलिकेट काचेची बोरोसिल कंपनी मुंबईत आली ती १९६२ साली.

वितळलेला गोळा फुंकनळीच्या टोकाला घेतला की तो लगेच निवू लागतो. म्हणून कारागीर दर काही क्षणांनी तो एका आडव्या, उघड्या तोंडाच्या भट्टीत नेतो, नळी फिरवत तापवतो आणि पुन्हा कामाला लागतो. ही वितळवायची भट्टी नव्हे, फक्त तापवायची. हिचं सगळं दुखणं तिच्या तोंडात आहे, कारण ते बंद करून चालत नाही.

उष्णता बाहेर फेकली जाते ती निरपेक्ष तापमानाच्या चौथ्या घाताने. साध्या काचेला ११५० अंशांची भट्टी पुरते. बोरोसिलिकेटला १४०० च्या घरात जावं लागतं. वाढ २५० अंशांचीच, पण तोंडातून जाणारी उष्णता जवळपास दुप्पट. २० सेंटिमीटर व्यासाच्या तोंडातून १४०० अंशांना सुमारे १४ किलोवॉट नुसते बाहेर पडतात. एवढ्या उष्णतेसाठी तासाला किलोभराहून जास्त एलपीजी लागतो. हिशेबाने १९ किलोचं व्यावसायिक सिलिंडर सतरा तास चालायला हवं. प्रत्यक्षात त्याच्या निम्मंही टिकत नाही, कारण १४०० अंशांचा धूर इंधनातली बरीचशी उष्णता स्वतःबरोबर घेऊन जातो. काचेचंही तेच: हजारऐवजी साडेबाराशेला ती साधारण दुप्पट वेगाने उष्णता टाकते, म्हणून हात चालवायला वेळ कमी मिळतो.

तेव्हा मोठा बर्नर लावून भागत नाही. आधी तोंड लहान करायचं. दोन पाखांचं दार बसवून मधे वस्तूपुरतीच फट ठेवतात. मोठी वस्तू आली की पाखं सरकवायची. मग धुराचीच उष्णता बर्नरकडे जाणाऱ्या हवेला द्यायची: धुराच्या वाटेत पोलादी नळ्या ठेवून ब्लोअरची हवा त्यांतून फिरवतात. तापलेल्या हवेने ज्वाला जास्त तापते आणि गॅसही वाचतो. माझ्या मते खर्च करायचा तर इथेच करावा. ऑक्सिजन मिसळूनही तापमान चढतं, पण सिलिंडरांची ने-आण लहान कारखान्याला परवडत नाही.

अस्तर निवडताना लेबल नीट वाचावं. नेहमीचं सिरॅमिक फायबर १२६० अंशांपर्यंतचं असतं. इथे ते आकसत, ठिसूळ होत जातं आणि शेवटी भुगा होऊन गळतं. झिर्कोनियायुक्त फायबर १४२५ पर्यंतचं म्हणतात, पण त्यालाही अगदी काठावर चालवू नये. आतला थर उच्च ॲल्युमिनाचा ओतीव आणि त्यामागे हलक्या उष्णतारोधक विटा, ही जोडी जास्त टिकाऊ. वापरलेलं फायबर काढताना मास्क हवाच. तापून गेल्यावर त्यात सिलिकाचे स्फटिक तयार झालेले असतात आणि ती धूळ फुप्फुसात बसते.

तापमान मोजायचा साधा 'के' प्रकारचा थर्मोकपल इथे लवकर मरतो. प्लॅटिनम-ऱ्होडियमचा घ्यावा, महाग असतो, पण आकडा खरा सांगतो. कारण १४०० अंशांचा पांढरट उजेड डोळ्यांना फसवतो, शिवाय संरक्षक चष्मा न लावता त्याकडे बघत राहणं डोळ्यांना घातकच.

हे सगळं गोळ्यावरच्या, मोठ्या कामासाठी. फ्लास्क, कंडेन्सर यांसारखी प्रयोगशाळेची बरीच उपकरणं तयार नळ्यांपासून होतात. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेसारख्या ठिकाणचे काचकारागीर ऑक्सिजनच्या ज्वालेवर नेमका हवा तेवढाच भाग तापवतात. भट्टी वस्तू सगळीकडून तापवते. मोठ्या, जाड भांड्याला तेच हवं असतं.

काम आटोपलं की वस्तू सरळ ५६० अंशांच्या दुसऱ्या, बंद भट्टीत जाते. तिथे आतला ताण निवळेपर्यंत ठेवून मग सावकाश, निदान ५०० अंशांच्या खाली येईपर्यंत तरी घाई न करता, निववायची. कमी फुगणाऱ्या काचेलाही ही पायरी चुकत नाही. जाड बुडाचं भांडं तसंच टेबलावर ठेवलं, तर कधी दुसऱ्या दिवशी तडकलेलं सापडतं.