मार्च मॅडनेसचं मानांकन: चांगली टीम कोणती आणि हक्काची कोणती?

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोयीचं वाटतं, त्यांच्यासाठी आजचा एपिसोड लिखित रूपात. आज जाऊया अमेरिकेत, कॉलेज बास्केटबॉलमध्ये. दर मार्चमध्ये तिथे एका रविवारी संध्याकाळी टीव्हीवर एक तक्ता जाहीर होतो आणि पुढच्या पाच मिनिटांत लाखो फॅन्सची डोकी तापतात. तक्त्यात कोण आलं, कोण राहिलं आणि कोणाला कितवं सीड मिळालं, यावरून नुसता कल्ला.

सीड म्हणजे काय? टेनिसच्या बातम्यांत आपण 'अग्रमानांकित' वाचतो ना, तेच मानांकन. 2025 च्या पुरुषांच्या एनसीएए स्पर्धेत 68 टीम्स होत्या. त्यांचे चार विभाग पाडतात आणि प्रत्येक विभागात 1 ते 16 असे नंबर देतात. 1 नंबर खेळतो 16 शी, 2 नंबर 15 शी. हरलात की थेट घरी. दुसरा चान्स नाही.

पॉइंट्स टेबल का नाही?

आयपीएलमध्ये 10 टीम्स, प्रत्येकीच्या 14 लीग मॅचेस, मग पॉइंट्स टेबल. वरचे चार पुढे. भांडायला फार जागाच नाही. इथे मात्र साडेतीनशेच्या वर कॉलेजेस आहेत आणि प्रत्येकाच्या मॅचेस साधारण तीसेक. त्यामुळे बहुतेक टीम्स एकमेकांसमोर कधी येतच नाहीत.

म्हणून दोन दरवाजे ठेवलेत. आपल्या लीगची, म्हणजे तिथल्या भाषेत कॉन्फरन्सची, स्पर्धा जिंकली की थेट प्रवेश. उरलेल्या जागा एक 12 जणांची समिती भरते, आणि सीडही तीच ठरवते. यात कॉलेजांचे क्रीडा संचालक आणि कॉन्फरन्सचे कमिशनर असतात. स्वतःच्या कॉलेजची चर्चा सुरू झाली की त्या सदस्याला खोलीबाहेर जावं लागतं.

समितीच्या हाताशी 2018 पासून 'नेट' नावाची क्रमवारी आहे. (आपल्या नेट रन रेटशी हिचा काही संबंध नाही!) कोणाला हरवलं, कुठे हरवलं, बॉल हातात आल्यावर किती परिणामकारक खेळलात, हे सगळं त्यात येतं. त्यावरून मॅचेसचे चार गट पाडतात. सगळ्यात कठीण गट म्हणजे क्वाड 1. घरच्या मैदानावर पहिल्या 30 मधली टीम, त्रयस्थ ठिकाणी पहिल्या 50 मधली किंवा समोरच्याच्या घरी जाऊन पहिल्या 75 मधली टीम असेल, तर ती मॅच क्वाड 1. इथल्या विजयाला सोन्याचा भाव.

मग भांडण कशावरून?

फॅन्स दोन वेगळे प्रश्न एकत्र कालवतात. पहिला: आज मॅच लावली तर कोण जिंकेल? म्हणजे 'चांगली' टीम कोणती? दुसरा: सीझनभरात कोणी जास्त कमावलं? म्हणजे 'हक्काची' टीम कोणती? उत्तरं वेगळी येऊ शकतात.

2025 चं उदाहरण घ्या. नॉर्थ कॅरोलायना हे मोठं, नावाजलेलं कॉलेज. क्वाड 1 मध्ये त्यांचा हिशोब होता 1 विजय, 12 पराभव. तरी त्यांना जागा मिळाली आणि वेस्ट व्हर्जिनिया बाहेर राहिली. त्यात त्या वर्षी समितीचे अध्यक्ष होते नॉर्थ कॅरोलायनाचेच क्रीडा संचालक. नियमाप्रमाणे त्या चर्चेत ते नव्हते, पण फॅन्सना हे पटायचं कसं? वेस्ट व्हर्जिनियाच्या गव्हर्नरांनी तर पत्रकार परिषद घेऊन राज्याच्या ॲटर्नी जनरलना चौकशी करायला सांगितलं!

पुढे काय झालं? नॉर्थ कॅरोलायनाने पहिली मॅच 95-68 अशी एकतर्फी जिंकली. समर्थक म्हणाले, 'बघा, आम्ही चांगलेच होतो.' विरोधक म्हणाले, 'चांगले असाल, पण हक्क कुठे होता?' दोघंही आपापल्या प्रश्नाचं बरोबर उत्तर देत होते. प्रश्नच वेगळे होते.

खरी गोम इथे आहे

आता एक वर्ष मागे जाऊ. 2024 मध्ये इंडियाना स्टेट ही छोट्या कॉन्फरन्समधली टीम 28 विजय आणि 6 पराभवांसह निवडीच्या रविवारी पोचली. नेट क्रमवारीत पहिल्या 30 मध्ये. पण कॉन्फरन्सच्या फायनलमध्ये ड्रेककडून 84-80 ने हरली, थेट प्रवेश हुकला आणि समितीनेही घेतलं नाही. मोठे विजय कमी होते ना! पण मोठ्या मॅचेस मिळाल्या तरी किती? हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या.

नॉर्थ कॅरोलायनाला असे चान्स मिळाले 13. मोठ्या कॉन्फरन्समध्ये दर आठवड्याला तगडा प्रतिस्पर्धी आपोआप समोर येतो. छोट्या टीमला तो शोधावा लागतो, आणि मोठी कॉलेजेस अशा टीमच्या घरी जाऊन खेळायला सहसा तयार होत नाहीत. जिंकले तर फार कौतुक नाही, हरले तर नाचक्की. म्हणजे मार्चमधला अन्याय नोव्हेंबरच्या वेळापत्रकातच लिहिलेला असतो. समिती कितीही प्रामाणिक असली तरी न झालेल्या मॅचचे मार्क देणार कुठून?

आणि हे फक्त मानापमानाचं नाटक नाही. 2025 मध्ये फायनल सोडून स्पर्धेत खेळलेल्या प्रत्येक मॅचमागे त्या टीमच्या कॉन्फरन्सला सहा वर्षांत मिळून सुमारे 20 लाख डॉलर मिळायचे. छोट्या कॉन्फरन्ससाठी ही मोठी रक्कम. इंडियाना स्टेटचे कोच त्याच उन्हाळ्यात सेंट लुईसला गेले, पाठोपाठ स्टार खेळाडू रॉबी अविलाही. ती टीम पुन्हा तशी जमली नाही.

आत आलात, तरी सुटका नाही

8 आणि 9 नंबरच्या टीम्स एकमेकींशी खेळतात आणि जिंकणारीसमोर बहुतेकदा 1 नंबर उभा. 1985 पासून 2025 पर्यंत 1 नंबर पहिल्याच फेरीत फक्त दोनदा हरलाय: 2018 मध्ये व्हर्जिनिया आणि 2023 मध्ये पर्ड्यू. म्हणून कित्येक फॅन्स म्हणतात, '8 नको, 11 द्या.' 11 नंबरला आधी 6 नंबर, मग बहुधा 3 नंबर. 2024 मध्ये नॉर्थ कॅरोलायना स्टेट 11 नंबरवरून थेट शेवटच्या चारात पोचली!

त्यात आणखी अटी आहेत. एकाच कॉन्फरन्सच्या टीम्स लवकर भिडू नयेत. बीवाययू हे कॉलेज धार्मिक कारणाने रविवारी खेळत नाही, त्यांना गुरुवार-शनिवारच्या गटातच बसवावं लागतं. अशा अटी सांभाळताना एखादी टीम एक सीड वर-खाली सरकू शकते. म्हणजे तक्त्यावरचा नंबर म्हणजे निव्वळ गुणवत्ता, असं समजू नका.

तर पुढच्या मार्चमध्ये कोणी 'लुटलं, लुटलं' असं ओरडलं, की आधी विचारा: तू चांगल्या टीमबद्दल बोलतोयस की हक्काच्या? आणि लगेच दुसरा प्रश्न: त्या टीमला मोठ्या मॅचेस मिळाल्या किती? अर्धा वाद तिथेच मिटेल. उरलेला अर्धा कमेंटमध्ये घाला, आम्ही वाचतो. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!