डबीतला वास आणि पानांची कुजबुज

पनवेलच्या मैदानावर कबड्डी रंगलीय. चढाईला गेलेला दादा धप्पकन आपटला! गुडघा धरून लंगडत बाहेर आला. कुणीतरी बामची डबी उघडली आणि... हुंऽऽ! आजीच्या उशाशी येतो ना, तोच वास!

ओळखा पाहू कुणाचा? कापराचा? पुदिन्याचा? तेही असतात डबीत. पण बारीक अक्षरं वाचा. बऱ्याच डब्यांवर सापडेल ‘गंधपुरा तेल’. नीलगिरीच्या, मेघालयाच्या थंड डोंगरांत वाढणारं हे झुडूप. पान चुरगळलं की घमघमाट! त्यातल्या द्रव्याचं नाव मिथाइल सॅलिसिलेट. (म्हणा बरं एका दमात!)

हा तर अ‍ॅस्पिरिनच्या गोळीचा भाऊ! एकाच कणकेची पोळी आणि पुरी, तसे हे दोघे. त्यांचं आडनाव आलंय ‘सॅलिक्स’वरून, म्हणजे विलोचं झाड. हो, ज्याची क्रिकेटची बॅट होते तेच! आपल्या नदीकाठचा वाळुंजही त्याच कुळातला. विलोची साल कडूजहर. एडवर्ड स्टोन नावाच्या इंग्रज पाद्र्याने ती वाळवून, कुटून पन्नासेक तापकऱ्यांना दिली आणि १७६३ मध्ये कळवलं, ताप उतरतो! पुढे १८९७ मध्ये जर्मनीत अ‍ॅस्पिरिन तयार झाली. झाडपाल्याची औषधं पनवेलकरांना काही नवी नाहीत म्हणा. धूतपापेश्वर ही आयुर्वेदिक औषधांची कंपनी इथे १८७२ मध्येच सुरू झाली.

बाम चोळला की कातडी गरम होते, चुणचुणते. मागच्या बाकावरून चिमटा बसला की फळ्यावरचं लक्ष उडतं ना? तसंच मेंदूचं लक्ष दुखण्यावरून उडतं!

पण खरी गंमत पुढेच. झाडांना कुठे गुडघे असतात? मग त्यांना हे कशाला? तंबाखूच्या रोपाला विषाणूचा रोग झाला, की त्याच्या पानांतून हेच मिथाइल सॅलिसिलेट हवेत उडतं. शेजारचं धडधाकट रोप ते टिपतं आणि रोग यायच्या आतच कंबर कसतं! सर येताना दिसले की दाराजवळचा मुलगा ‘आले रे आले’ करतो, अगदी तस्सं! तोंड नाही, कान नाहीत, तरी निरोप पोचला!

बाम लावलात तर हात साबणाने धुवा. डोळ्यांना, खरचटल्या जागी लावू नका. आणि तोंडात? चुकूनही नाही! गंधपुऱ्याच्या एक चमचा तेलात वीसहून जास्त अ‍ॅस्पिरिनच्या गोळ्यांचा ऐवज असतो.